खेळणाऱ्यांची शिरगणती

(वाचनालयाच्या शताब्दी वर्षानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ग्रंथालयाच्या शताब्दी सोहळ्यात खेळ आणि व्यायाम हा विषय बोलण्यासाठी घेतला जावा, याचे काही श्रोत्यांना नवल वाटणे स्वाभाविक आहे. वाचणारा माणूस बैठा आणि व्यायाम करणारा पुस्तकांपासून चार हात दूर राहणारा, अशी एक समजूत समाजात रूढ आहे. परंतु ज्या बडोदे नगरीत हे वाचनालय शंभर वर्षे उभे आहे, तिचा इतिहास या समजुतीला दुजोरा देत नाही. या शहरात वाचनालये आणि व्यायामशाळा जवळजवळ एकाच काळात वाढल्या. दोहोंना आश्रय मिळाला तो एकाच राजाचा. जे थोड्यांपाशी आहे ते सर्वांपर्यंत जावे, ही दोहोंच्या मागची प्रेरणाही एकच होती. आज या दोन भावंडांपैकी एकाची जन्मशताब्दी साजरी होत असताना दुसऱ्याची विचारपूस करणे अप्रस्तुत ठरू नये.

एखादा देश खेळतो असे म्हणायचे ते कशाच्या आधारावर, हा आजच्या विवेचनाचा प्रश्न आहे. वृत्तपत्रांनी त्याचे एक सोपे उत्तर आपल्याला शिकवले आहे. दर चार वर्षांनी ऑलिंपिक सामने येतात आणि पदकांची मोजदाद सुरू होते. टोकियोच्या सामन्यांत, म्हणजे २०२१ मध्ये, भारताला सात पदके मिळाली. २०२४ मध्ये पॅरिस येथे सहा. मग ही संख्या थोडी की पुरेशी, यावर महिनाभर चर्चा होते आणि पुढील चार वर्षे विषय मिटतो. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळवले, ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक. त्याचा अभिमान कोणाही मराठी माणसाला वाटणारच. पण पदक हा शिखरावरचा कळस आहे. कळस मोजून देवळात किती माणसे येतात हे कळत नाही. देशाचे खेळणे मोजायचे असेल तर शिरगणती खेळणाऱ्यांची व्हावी लागते. किती माणसे, कोणत्या वयाची, त्यात स्त्रिया किती, खेड्यातली किती, आणि आठवड्यातून कितीदा आपले शरीर स्वखुशीने हालवतात, हे विचारावे लागते.

सुदैवाने अशी मोजणी अलीकडे झालेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाने आठवड्यातून किमान दीडशे मिनिटे मध्यम गतीची हालचाल करावी. भरभर चालणे, सायकल चालवणे, अंगमेहनतीचे घरकाम हे सारे त्यात धरले जाते. जोरकस व्यायाम असेल तर पंच्याहत्तर मिनिटेही पुरतात. ही अट काही कठीण नव्हे. दीडशे मिनिटे म्हणजे आठवड्यातले पाच दिवस रोज अर्धा तास. या मापाने जगातील देशांची पाहणी करून एक अभ्यास जून २०२४ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानुसार २०२२ मध्ये जगातील सुमारे ३१ टक्के प्रौढ ही किमान मर्यादाही गाठत नव्हते. भारतात हे प्रमाण ४९ टक्क्यांहून अधिक होते. २००० मध्ये ते २२ टक्क्यांच्या आसपास होते. बावीस वर्षांत ते दुपटीहून पुढे गेले, आणि ओघ असाच राहिला तर २०३० पर्यंत ते ६० टक्क्यांना पोहोचेल, असा त्या अभ्यासकांचा अंदाज आहे. आणखी एक आकडा तर डोळ्यांत अंजन घालणारा आहे. भारतातील पुरुषांमध्ये निष्क्रियतेचे हे प्रमाण ४२ टक्के, तर स्त्रियांमध्ये ५७ टक्के आहे.

याच्या दहा वर्षे आधी, २०१४ मध्ये, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या एका पाहणीचे निष्कर्ष पुढे आले होते. तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंडीगड या चार प्रदेशांतील चौदा हजारांहून अधिक माणसांची ती पाहणी होती. त्यांपैकी ५४ टक्के माणसे निष्क्रिय गटात मोडली. शहरात हे प्रमाण ६५ टक्के आणि खेड्यात ५० टक्के होते. त्या पाहणीत एक गोष्ट अशी आढळली की जिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. जी माणसे सक्रिय होती तीही मुख्यतः कामामुळे सक्रिय होती. विरंगुळा म्हणून, आवड म्हणून, खेळ किंवा व्यायाम म्हणून शरीर हालवणारी माणसे शंभरात दहासुद्धा नव्हती.

या ठिकाणी क्षणभर थांबावयास हवे, कारण कष्ट आणि खेळ यांतला भेद येथे स्पष्ट होतो. आपल्या आजी-पणजीने जात्यावर दळले, विहिरीवरून पाणी आणले, पाट्यावर वाटले, ओट्यावर धुणी बडवली. शेतकरी दिवसभर नांगरामागे चालला. शरीराला हालचाल घडत होती. परंतु ती निवडलेली नव्हती. गिरणी आली, नळ आला, मिक्सर आला, दुचाकी आली आणि ते कष्ट सरले. हे चांगलेच झाले. पहाटे उठून पायली दळणाऱ्या बाईला जाते परत आणून द्यावे, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. मात्र कष्ट गेल्यावर जी जागा रिकामी झाली ती खेळाने भरली नाही. ती खुर्चीने भरली. बावीस वर्षांत दुप्पट झालेल्या त्या आकड्याचा पुष्कळसा उलगडा येथे होतो. आपण कष्टातून मोकळे झालो, पण खेळायला शिकलो नाही. त्याची किंमत काय, हेही नोंदलेले आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेहाचे रुग्ण सुमारे दहा कोटी दहा लाख आहेत. प्रौढांतील हे प्रमाण ११ टक्क्यांहून जास्त भरते. मधुमेहाला कारणे अनेक असतात. परंतु बैठेपण हे त्यांतील एक प्रमुख कारण होय, याविषयी वैद्यकात दुमत नाही.

आता यावर सर्वांत सोपा उपाय म्हणजे उपदेश. माणसे आळशी झाली आहेत, त्यांनी पहाटे उठावे, असे सांगणे. असा उपदेश देण्यात आपला समाज कधीच मागे नव्हता. परंतु उपदेशाने जर माणसे वाचू लागली असती, तर वाचनालये काढण्याचे कारणच पडले नसते. बडोद्याच्या इतिहासाचा खरा उपयोग होतो तो येथे.

महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सर्व राज्याला लागू केला. नवशिक्षित माणूस शाळा सोडल्यावर पुन्हा निरक्षर होऊ नये, म्हणून १९१० मध्ये विल्यम अॅलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून सार्वजनिक ग्रंथालयांची व्यवस्था उभारण्यात आली. त्या व्यवस्थेची रचना मननीय आहे. ज्या गावाला वाचनालय हवे, त्या गावाने खर्चाचा तिसरा हिस्सा जमवायचा. तेवढाच हिस्सा स्थानिक पंचायतीने घालायचा. आणि उरलेला सरकारने. जेथे वाचनालय चालण्यासारखे नव्हते तेथे लाकडी पेट्यांतून फिरती ग्रंथालये जात. वाचा, असे फर्मान कोणी काढले नाही. पुस्तक घराजवळ आणले, फी परवडेल अशी ठेवली, दार ठराविक वेळी उघडे ठेवले, आणि लोकांचा स्वतःचा पैसा त्यात गुंतवला. वाचन ही थोड्यांची मिरास होती, ती पुष्कळांची सवय झाली. सवय ही इच्छेपेक्षा सोयीवर अधिक अवलंबून असते, हा त्या प्रयोगाचा धडा होता.

व्यायामाच्या बाबतीत याच शहराने जे केले तेही या पंक्तीत बसणारे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जुम्मादादा या उस्तादांनी येथे आखाडा चालवला. पुढे त्यांचे शिष्य प्राध्यापक माणिकराव यांनी गुरूच्या नावानेच तो जुम्मादादा व्यायाम मंदिर म्हणून वाढवला. गुरू मुसलमान आणि शिष्य हिंदू, हे त्या लाल मातीत कोणाला खटकले नाही. माणिकरावांची थोरवी केवळ मल्लविद्येत नव्हती. एकेकट्या पठ्ठ्याला तयार करणारा आखाडा त्यांनी शेकडो मुलांना एका वेळी शिकवणाऱ्या शाळेत बदलला. सांघिक कवायतीसाठी त्यांनी इंग्रजी हुकमांऐवजी देशी भाषेतील आज्ञा रूढ केल्या. लाठी, लेझीम, मुद्गल, मल्लखांब यांचे शिक्षण पद्धतशीर पायऱ्यांनी बांधले. त्यांच्यापाशी शिकून गेलेल्या आणि त्यांच्यापासून स्फूर्ती घेतलेल्या माणसांची नावे पाहिली म्हणजे या कामाचा विस्तार कळतो. डभोईला जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे हे त्यांचे विद्यार्थी; तेच पुढे स्वामी कुवलयानंद झाले आणि १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले. छोटुभाई आणि अंबुभाई या पुराणी बंधूंनी गुजरातभर व्यायामशाळांची चळवळ पसरवली.

इतर ठिकाणीही हेच वारे वाहत होते. अमरावतीला १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केले. त्या मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा ध्यासच घेतला. स्वतः रोज नमस्कार घालणारा, राणीसाहेबांना आणि मुलांना घालायला लावणारा, आणि संस्थानच्या शाळांत मुलांबरोबर मुलींकडूनही ते करवून घेणारा हा राजा होता. सूर्यनमस्काराला साधन लागत नाही, मैदान लागत नाही, जोडीदार लागत नाही. गरिबातल्या गरिबाच्या ओसरीवर तो होऊ शकतो. सर्वांसाठी व्यायाम ही कल्पना आज परदेशातून आलेली वाटते. पण औंधसारख्या छोट्या संस्थानात ती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच अमलात येत होती.

या चळवळीत छापील पानाचा वाटा किती मोठा होता, हे ग्रंथालयाच्या सभासदांनी विशेषतः ध्यानात घ्यावे. हुतूतू आणि खोखो हे खेळ गावोगावी खेळले जात, परंतु दर गावाचे नियम वेगळे. दोन गावांचा सामना म्हणजे निम्मा वेळ वाद आणि निम्मा वेळ खेळ. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये खोखोचे नियम बांधले. बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने १९२३ मध्ये हुतूतूचे नियम छापून प्रसिद्ध केले आणि त्या नियमांनुसार अखिल भारतीय सामने भरवले. नियम छापले गेले म्हणून खेळ गावाच्या वेशीबाहेर पडला. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई सामन्यांत कबड्डीला पदकाच्या खेळाचे स्थान मिळाले, आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खोखोची पहिली विश्वचषक स्पर्धा भरून तीत भारताचे पुरुष आणि स्त्रिया असे दोन्ही संघ विजयी झाले. या यशाच्या मुळाशी त्या साध्या नियमपुस्तिका आहेत. याच नगरीत दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांच्या संपादकत्वाखाली १९३६ ते १९४९ या काळात 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड मराठीत सिद्ध झाले. व्यायामावर एवढा विस्तृत कोश मराठीत व्हावा आणि तो महाराष्ट्राच्या सीमेबाहेर व्हावा, ही बृहन्महाराष्ट्राने मातृभाषेला दिलेली देणगीच होय.

एवढे उज्ज्वल चित्र रंगवल्यावर त्याची दुसरी बाजू झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. हा सारा वारसा मुख्यतः तरुण पुरुषांचा होता. तालमीच्या हौद्यात स्त्रीला जागा नव्हती. मध्यमवयीन गृहस्थालाही तेथे काही काम नव्हते; लग्न झाले, नोकरी लागली की लंगोट खुंटीला टांगायचा, ही रीत होती. व्यायामाचा हेतूही बहुधा राष्ट्राला सामर्थ्यवान तरुण मिळावेत हा होता. तो त्या काळाला शोभणारा होता. परंतु स्वातंत्र्य मिळाल्यावर तो हेतू मागे पडला आणि त्याच्या जागी दुसरा हेतू रुजला नाही. साठ वर्षांच्या आजोबांनी का खेळावे, चाळिशीतल्या गृहिणीने का धावावे, याचे उत्तर तालमीपाशी तयार नव्हते. म्हणूनच निष्क्रियतेच्या मोजणीत स्त्रिया पुरुषांपेक्षा १५ टक्क्यांनी मागे दिसतात, त्याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. मागे कोण राहिले यापेक्षा दार कोणासाठी उघडे होते, हे त्या आकड्यात वाचायला हवे.

गृहिणीचा दिवस डोळ्यांपुढे आणावा. सकाळी डबे, मग घर, मग बाजार, दुपारी मुलांचे येणे-जाणे, संध्याकाळी पुन्हा स्वयंपाक. नोकरी करणारी असेल तर याच्या जोडीला नोकरी. तिला चालायला जायचे असेल तर तिने वेळ कोणाकडे मागायचा? रस्त्यावर दिवा आहे का? बाग किती वाजता बंद होते? एकटी धावणाऱ्या बाईकडे लोक कसे पाहतात? मैदानाजवळ स्वच्छतागृह आहे का? या प्रश्नांत इच्छाशक्तीचा भाग किती थोडा आहे आणि व्यवस्थेचा किती मोठा, हे कोणाच्याही ध्यानात येईल. आळशी म्हणून जिच्यावर ठपका ठेवला जातो, ती बहुधा दिवसातली सर्वांत थकलेली व्यक्ती असते.

व्यवस्था बदलली म्हणजे आकडे बदलतात, याचा दाखला अमेरिकेत मिळतो. तेथे जून १९७२ मध्ये असा कायदा झाला की सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत स्त्री-पुरुष असा भेद करता येणार नाही. खेळही त्याच्या कक्षेत आले. १९७१-७२ मध्ये तेथील माध्यमिक शाळांत सामन्यांत भाग घेणाऱ्या मुली सुमारे २ लाख ९४ हजार होत्या. अलीकडच्या वर्षांत ही संख्या ३० लाखांच्या वर गेली आहे. पन्नास वर्षांत अमेरिकेतील मुलींचा स्वभाव दहापट बदलला, असे कोणी म्हणणार नाही. बदलले ते दार.

नॉर्वेचे उदाहरण आणखी निराळे आहे. जेमतेम पंचावन्न लाख वस्तीचा हा देश. तेथील क्रीडासंघटनेने १९८७ मध्ये मुलांच्या खेळासाठी काही नियम ठरवले, आणि पुढे ते आणखी पक्के केले. अकरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या सामन्यांत निकालाची क्रमवारी लावायची नाही; लहान मुलांच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा भरवायच्या नाहीत. मूल आधी खेळात रमावे, निवड नंतर, असा त्यामागचा विचार. ज्यांनी मुलांना पहिला-दुसरा नंबर दिला नाही, त्या देशाने २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये ३९ पदके मिळवली आणि २०२२ मध्ये १६ सुवर्णपदके. दोन्ही वेळा तो पदकतालिकेत पहिला होता. नॉर्वेची संपत्ती, बर्फ आणि परंपरा आपल्यापाशी नाहीत, हे खरे. त्यामुळे हे गणित जसेच्या तसे उचलता येणार नाही. परंतु पदके आणि सर्वांचे खेळणे यांत विरोध आहे, ही समजूत तरी त्याने दूर व्हावी. पाया रुंद झाला म्हणून शिखर खुजे होत नाही.

जपानने तर याहून साधा मार्ग शोधला. तेथे १९२८ पासून आकाशवाणीवरून व्यायामाचा कार्यक्रम सुरू झाला. महायुद्धानंतर तो काही काळ बंद पडला आणि १९५१ मध्ये नव्या स्वरूपात पुन्हा सुरू झाला. सकाळी साडेसहाला पियानोच्या सुरावर काही मिनिटांचा व्यायाम, एवढाच तो कार्यक्रम. उन्हाळ्याच्या सुटीत मुले गल्लीतल्या चौकात जमतात, म्हातारी माणसे शेजारी उभी राहतात, आणि हजर राहिलेल्या मुलाच्या कार्डावर शिक्का मारला जातो. जिंकणे नाही, हरणे नाही. ठरलेली वेळ, जवळची जागा आणि शेजाऱ्यांची सोबत, एवढ्या तीन गोष्टींवर ही सवय पिढ्यानपिढ्या टिकली.

आपल्याकडे काहीच होत नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. शाळांसाठी मैदान असावे, अशी तरतूद २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात आहे. २०१९ च्या २९ ऑगस्टला, म्हणजे मेजर ध्यानचंद यांच्या जन्मदिनी, 'फिट इंडिया' चळवळीचा आरंभ झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईत भारतीय महिलांनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, तेव्हा कितीतरी घरांतल्या मुलींनी बॅट मागितली असेल. पण मागणाऱ्या मुलीला शाळेत शिकवणारे कोणी आहे काय, हा पुढचा प्रश्न आहे. ग्रामीण शाळांच्या २०१८ च्या 'असर' पाहणीत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक असलेल्या प्राथमिक शाळा सहा टक्क्यांहूनही कमी आढळल्या. उच्च प्राथमिक शाळांत हे प्रमाण ३१ टक्क्यांच्या जवळ होते. गणिताचा शिक्षक नसलेली शाळा पालक खपवून घेत नाहीत. खेळाचा शिक्षक नाही, याची तक्रार घेऊन मुख्याध्यापकांकडे जाणारा पालक मात्र विरळा. खेळाचा तास दुसऱ्या विषयाला दिला गेला तर घरी त्याचे समाधानच वाटते. सरकारने काय करावे, हे सांगणारे पुष्कळ आहेत; समाजाने आपल्या मागणीत खेळाला कोठे बसवले आहे, हे तपासणारे थोडे.

मग शंभर वर्षांच्या एका वाचनालयाने यात काय करावे? ग्रंथालयाने आखाडा काढावा, असे कोणी सुचवणार नाही. परंतु ग्रंथालयापाशी अशा काही गोष्टी आहेत ज्या नव्या चकचकीत जिमपाशी नाहीत. महिन्याला हजारो रुपये घेणारे जिम शरीर कमावू इच्छिणाऱ्या तरुणाची सोय करते. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण देशाची शिरगणती त्याने फार हलणार नाही, कारण ज्यांना सर्वांत गरज आहे ते त्याच्या पायरीवर चढत नाहीत. ग्रंथालयाची पायरी मात्र सर्वांच्या ओळखीची असते. येथे सासू आणि सून दोघी येतात. निवृत्त गृहस्थ रोज ठरलेल्या वेळी वृत्तपत्र वाचायला येतात. मुले सुटीत गोष्टींची पुस्तके नेतात. घरच्यांना ज्या जागेची भीती वाटत नाही अशी ही जागा आहे, आणि हा विश्वास शंभर वर्षांच्या शिलकीतून आला आहे. तो दुसऱ्या कोणाला पैसे देऊन विकत घेता येत नाही.

या विश्वासाचा थोडा उपयोग व्यायामासाठी करता येईल. वाचनालयाच्या अंगणातून आठवड्याचे पाच दिवस ठरलेल्या वेळी अर्धा तास चालायला निघणारा एक गट असावा. त्यात स्त्रियांच्या सोयीची वेळ आधी ठरवावी आणि बाकीच्यांच्या वेळा नंतर. सुटीत मुलांना खोखो, लगोरी, लंगडी शिकवणारी जुनी माणसे सभासदांतच सापडतील. व्यायामविषयक जुन्या मराठी ग्रंथांचे एक कपाट वेगळे करून त्यातील उपयुक्त भाग आजच्या वैद्यकाच्या सल्ल्याने निवडून समोर ठेवता येईल. जवळच्या व्यायाम मंदिराशी नाते जोडून त्यांच्या वर्गाची आणि आपल्या पुस्तकांची देवघेव करता येईल. यातील एकाही गोष्टीला मोठी देणगी लागत नाही. तिसरा हिस्सा लोकांचा, हा बडोद्याचा जुना नियम येथेही चालेल. ज्या कामात आपला हिस्सा आहे ते काम माणूस सहसा बंद पडू देत नाही.

आणि एक नोंदवहीही ठेवावी. ग्रंथालयांना नोंदवहीचे महत्त्व सांगावे लागत नाही. कोणते पुस्तक किती वेळा बाहेर गेले, हे आपण वर्षानुवर्षे लिहीत आलो. त्याच काटेकोरपणे किती सभासद चालायला आले, त्यात स्त्रिया किती, साठीच्या पुढचे किती, पावसाळ्यात संख्या का घटली, हेही लिहावे. दिल्लीत किंवा जिनिव्हात बसून केलेली मोजणी देशाचे दुखणे दाखवते. उपाय दाखवायला गल्लीतली मोजणी लागते. सात पदके की सहा, या वादापेक्षा आपल्या पेठेतल्या शंभर माणसांपैकी किती जणांनी या आठवड्यात दीडशे मिनिटे हालचाल केली, हा प्रश्न अधिक अवघड आहे आणि आपल्या आवाक्यातलाही.

शंभर वर्षांपूर्वी वाचनालयाची पहिली वर्गणी भरणाऱ्यांनाही कोणीतरी विचारले असेल, की वाचणार कोण? त्यांनी वाद घातला नाही. जागा भाड्याने घेतली, कपाट आणले आणि दार उघडले. वाचणारे मागाहून आले. खेळणारेही तसेच येतील. दार मात्र आधी उघडावे लागेल.